जुन्या सागवानाची बुटकी संरक्षक भिंत

मुलुंड, भांडुप, गोरेगाव, बोरिवली अशा डोंगरालगतच्या भागांत अनेक इमारतींच्या मागे एक अरुंद, उतरती पट्टी असते. दर पावसाळ्यात तिथली माती वाहून खाली येते, गटार बुजवते, आणि पावसाळा संपल्यावर झाडांची मुळे उघडी पडलेली दिसतात. अशा ठिकाणी दीड-दोन फूट उंचीची भिंत घालून मागे सपाट वाफा केला, तर माती जागेवर राहते आणि बागही उभी राहते. ही भिंत पाडकामातून निघालेल्या जुन्या सागवानाची कशी बांधावी, हे मी इथे सविस्तर सांगणार आहे. आमच्या सोसायटीच्या मागे अशा दोन भिंती मी स्वतः उभ्या केल्या. त्यांपैकी पहिली एकाच पावसाळ्यात मधोमध दोन बोटे पुढे आली आणि दुसरी आजही सरळ उभी आहे. दोन्हींचे लाकूड एकाच ठिकाणचे होते. फरक होता तो मागच्या पाण्याला दिलेल्या वाटेचा. त्यामुळे लाकडाइतकेच पाण्याविषयीही या लेखात पुष्कळ वाचायला मिळेल.

सुरुवातीलाच मर्यादा ठरवून घ्यावी. घरच्या हातांनी बांधायची लाकडी भिंत ६० सेंमी, म्हणजे दोन फुटांपेक्षा उंच नसावी. मातीचा आडवा दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: भिंत दुप्पट उंच केली की दाब चौपट होतो, आणि खांबाला मुळाशी वाकवू पाहणारा जोर तर आठपट होतो. सर्वसाधारण कोरड्या मुरमाड मातीचा हिशेब केला तर ६० सेंमी उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीला साधारण १०० ते ११० किलो इतका रेटा येतो. त्याच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचले, तर हाच रेटा २४० किलोंच्या आसपास जातो. माती तीच, भिंत तीच. केवळ पाण्याला बाहेर पडायला वाट नाही म्हणून भार दुपटीहून अधिक होतो.

मुंबईत हे पाणी किती येते, याचाही अंदाज असावा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणे ही इथे दरवर्षीची गोष्ट आहे. दहा चौरस मीटरच्या वाफ्यावर तेवढा पाऊस पडला की १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी त्या मातीवर आलेले असते. वरच्या उतारावरून वाहून येणारे वेगळेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, मुसळधार पाऊस चालू असताना, मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून अनेकांचे जीव गेले, हे या शहरात भिंत बांधणाऱ्या कोणीही विसरता कामा नये. म्हणून जिथे उताराच्या वर किंवा खाली घर आहे, कुंपणाची भिंत आहे, वाहने उभी राहतात किंवा पाण्याची टाकी आहे, तिथे ही पद्धत वापरू नये. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे. ही भिंत फक्त बागेच्या मातीसाठी आहे.

सोसायटीच्या जागेत काम असेल तर कार्यकारिणीची लेखी संमती घ्यावी, आणि खोदण्यापूर्वी पाण्याची वाहिनी, मलवाहिनी व विजेची केबल कुठून जाते ते जुन्या जाणत्या प्लंबरला विचारून चुन्याने आखून घ्यावे. पोडियमवरच्या बागेत, जिथे मातीखाली वाहनतळाचा स्लॅब असतो, तिथे खांब पुरण्याचा विचारही करू नये, कारण स्लॅबवरचे वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की गळती शोधणे अतिशय कठीण जाते. मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळून भिंत जात असेल तर तिची रेषाच वळवावी. जाड मुळे तोडल्यास झाड कमकुवत होऊन वादळात पडू शकते, आणि महाराष्ट्रात १९७५च्या अधिनियमानुसार शहरातल्या झाडांना कायद्याचे संरक्षणही आहे.

लाकूड कोणते घ्यावे

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतल्या जुन्या चाळी लाकडी सांगाड्यावर उभ्या होत्या. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे वासे आणि वाशांवर फळ्या, अशी त्यांची रचना असे. पुनर्विकासासाठी त्या पाडल्या जातात तेव्हा हे लाकूड पाडकामाच्या ठेकेदाराकडून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जाते आणि तिथे ते घनफुटाच्या भावाने मिळते. माझ्या भिंतीचे वासे अशाच एका पाडलेल्या चाळीतले आहेत. ज्या लाकडाने कित्येक बिऱ्हाडांचा भार पेलला, ते चिरफळ्या होऊन जाळले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. पण त्या भावनेपोटी कुजलेले लाकूड मात्र घेऊ नये. निवड करताना निष्ठूर व्हावे.

सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. बाहेरचा फिकट पिवळसर भाग मात्र कुठल्याही सामान्य लाकडासारखाच लवकर खराब होतो. भारतीय वर्गीकरणात, जमिनीत पुरून ठेवलेल्या गाभ्याचे सरासरी आयुष्य १२० महिने किंवा अधिक भरते, अशा लाकडांना टिकाऊपणाचा पहिला वर्ग दिला जातो, आणि साग त्या वर्गात आहे. म्हणून तुकड्याचे टोक करवतीने ताजे कापून पाहावे. सोनेरी-तपकिरी गाभा आणि फिकट कड यांतला फरक स्पष्ट दिसतो, आणि ताज्या कापलेल्या सागाला चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. हातोडीने ठोकल्यावर टणक, खणखणीत आवाज यावा. आवाज बद्द आला तर आत पोकळी आहे असे समजावे. पेचकसाचे टोक जोराने दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर तो तुकडा बाजूला ठेवावा. बारीक भोके आणि त्यांतून गळणारे पीठ ही भुंग्याची खूण, तर मातीच्या वाळलेल्या नळ्या ही वाळवीची.

एक गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नाहीत. तुळईची किंवा वाशाची जी टोके भिंतीत रुतलेली असतात, ती वर्षानुवर्षे ओलसर बांधकामात राहिल्यामुळे आतून कुजलेली असतात, जरी वरून रंग शाबूत दिसला तरी. दोन्ही टोकांचा एक-एक फूट वाया जाणार, असे धरूनच लांबीचा हिशेब करावा.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर अनेकांना आकर्षक वाटतात. ब्रॉडगेजचा स्लीपर २७५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद आणि १३ सेंमी जाड असतो, आणि अशा भिंतीसाठी हे माप अगदी नेमके वाटते. पण त्यांतल्या अनेकांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरायचे डांबरी तेल, पाजलेले असते. ते कर्करोगकारक मानले जाते, उन्हात पाझरते आणि मातीत उतरते. भाजीचा वाफा असेल किंवा मुले खेळणार असतील तर स्लीपर वापरू नयेत, आणि त्यांचे तुकडे कधीही जाळू नयेत. जहाजतोडणीतून आलेल्या रंगीत फळ्याही मी टाळतो, कारण जहाजाच्या तळाला लावायचे रंग जीवजंतू मारण्यासाठीच बनवलेले असतात. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन आणि सेंटरिंगच्या फळ्या ओल्या मातीला लागून फार काळ टिकत नाहीत; स्वस्तात मिळाल्या तरी त्या घेऊ नयेत.

पाच मीटर लांब आणि ६० सेंमी उंच भिंतीसाठी १० × १० सेंमी जाडीचे आणि १३० सेंमी लांबीचे सहा खांब लागतात. दर्शनी भागासाठी ४ सेंमी, म्हणजे दीड इंच जाडीच्या फळ्या पुरतात. हे सगळे मिळून सुमारे सात घनफूट होते. कुजकी टोके आणि तडे वगळण्यासाठी दहा घनफूट आणावे. शिवाय २० मिमीची खडी सुमारे एकवीस घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा भाग, लागेल.

खिळे, रंग आणि कापणी

जुन्या लाकडात खिळे असतातच, आणि जे दिसत नाहीत तेच करवतीचे दात मोडतात. सॉ मिलवाले अशा लाकडाला हात लावायला नाखूश असतात ते यामुळेच. एक ताकदीचे लोहचुंबक दोरीला बांधून लाकडाच्या चारही बाजूंवरून सावकाश फिरवावे आणि ते जिथे ओढले जाईल तिथे खडूने खूण करावी. वर आलेले खिळे अंबुराने काढावेत. डोके तुटलेल्या खिळ्याभोवती बारीक पटाशीने लाकूड थोडे कोरून मग तो पकडावा. गंजलेला खिळा एकदम ओढल्यास तुटतो, म्हणून आधी त्यावर हातोडीचा एक हलका ठोका देऊन त्याची पकड सुटू द्यावी. या कामाला एक पूर्ण दिवस द्यावा आणि जाड तळाचे बूट घालूनच ते करावे.

जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतल्या शिशाच्या प्रमाणावर आपल्याकडे कायद्याने मर्यादा आली ती २०१७ साली, आणि चाळींचे रंग त्याहून कितीतरी जुने असतात. म्हणून रंग कोरडा घासू नये आणि आगीच्या झोताने जाळूही नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड गोळा करून वेगळी ठेवावी आणि ती बागेच्या मातीत मिसळू देऊ नये. सागाच्या भुशानेही अनेकांना खाज आणि शिंका येतात, त्यामुळे कापताना व रंधा मारताना मुखपट्टी बांधावी.

तुकडे कापताना फिकट कड शक्य तितकी काढून टाकावी. जुन्या सांध्यांच्या खाचा वर तोंड करून राहिल्या तर त्यांत पाणी साचते, म्हणून फळी फिरवून खाच खाली किंवा बाजूला येईल असे पाहावे. प्रत्येक खांबाचा माथा किंचित उतरता कापावा.

लाकडाला काय लावावे, याबद्दल प्रत्येक सुतार वेगळे सांगतो. जळके ऑइल लावण्याची सवय सर्वत्र आहे, पण ते मातीत उतरते आणि झाडांना अपाय करते, म्हणून ते लावू नये. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण घरातल्या लाकडाला चांगले असले तरी पावसात ते धुऊन जाते. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची जुनी पद्धत आहे आणि फळ्यांच्या मागच्या बाजूला मी तेच लावतो. मात्र ते कातडीला जाळते, त्यामुळे रबरी हातमोज्यांशिवाय त्याला स्पर्श करू नये. खांबाच्या पुरल्या जाणाऱ्या भागाला बिटुमिनचा काळा रंग द्यावा, तो जमिनीच्या वर १५ सेंमीपर्यंत न्यावा आणि खांबाचे अगदी खालचे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे आत शिरलेली ओल खाली निथळू शकते. लाकूड पूर्ण कोरडे असेल तरच हा रंग लावावा; ओल्या लाकडावर लावल्यास ओल आतच कोंडली जाते.

खांब

काम नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान करावे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि त्याआधी भराव दाबून बसायला निदान महिनाभर मिळायला हवा.

दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि दर एक मीटरवर खड्ड्याची जागा आखावी. खड्डा ३० सेंमी रुंद आणि ७५ ते ८० सेंमी खोल घ्यावा. खांब जितका वर, निदान तितकाच खाली असला पाहिजे, हा नियम मोडू नये. डोंगराजवळच्या मुरमात पहारीशिवाय काम होत नाही, आणि दीड फुटावरच काळा पाषाण लागला तर लाकडाचा हट्ट सोडून तिथे दगडाची रचाई करणे योग्य ठरते. अर्धवट पुरलेला खांब हा नसलेल्या खांबापेक्षा धोक्याचा असतो, कारण तो भक्कम असल्याचा आभास देतो.

खड्ड्याच्या तळाशी दहा सेंमी खडी टाकून ती ठोकावी आणि त्यावर खांब उभा करावा. खांब ओळंब्यात सरळ नसावा, तर माथ्याकडे मागच्या बाजूला, म्हणजे डोंगराकडे, ५ सेंमी कललेला असावा, म्हणजे मातीच्या रेट्याने तो पुढे येण्याआधी पुष्कळ अवकाश राहतो. हा कल सगळ्या खांबांना सारखा येण्यासाठी ६० सेंमीच्या सरळ पट्टीच्या वरच्या टोकाला ५ सेंमी जाडीचा ठोकळा ठोकावा. ठोकळा खांबाच्या दर्शनी बाजूला टेकवून आणि पट्टीचे खालचे टोक खांबाला लावून ओळंबा धरला, की पट्टी उभी आणि खांब हवा तितकाच कललेला मिळतो. आधी दोन टोकांचे खांब बसवावेत, त्यांच्या माथ्यांमध्ये दोरी ताणावी आणि मग मधले.

खांबाभोवती काँक्रीट भरावे की खडी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. घट्ट मुरमात मी खडी आणि मुरूम यांचे १५-१५ सेंमीचे थर पहारीने ठोकून भरतो, कारण त्यातून पाणी निथळते. खांबाच्या तळाखालून काँक्रीट आले तर वाटी तयार होते आणि लाकूड वर्षभर त्या वाटीतल्या पाण्यात उभे राहते. भरावाची मऊ जमीन असेल तर काँक्रीट घालावे लागते, पण तेव्हाही तळाची खडी मोकळी ठेवावी आणि काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता करावा.

लाकूड सर्वांत आधी कुजते ते जमिनीच्या पातळीवर, वीतभर वर आणि वीतभर खाली. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकत्र मिळतात ती जागा हीच. म्हणून सर्वांत घट्ट, निर्दोष गाभ्याचे तुकडे खांबांसाठी राखून ठेवावेत.

फळ्या आणि मागची खडी

फळ्या खांबांच्या मागे, मातीच्या बाजूला बसवाव्यात. पुढून ठोकलेल्या फळीला माती दिवसरात्र ढकलत राहते आणि सगळा भार स्क्रूवर येतो. मागे बसवलेली फळी मातीच्या दाबानेच खांबावर घट्ट बसते आणि स्क्रू फक्त ती जागेवर धरतो. दिसायला खांब पुढे येतात, पण ते रूप मला चाळीच्या गॅलरीतल्या खांबांच्या रांगेसारखे वाटते आणि आवडते.

सर्वांत खालची फळी मातीत पुरू नये. त्याऐवजी खांबांच्या मागे २० सेंमी खोल चर घेऊन त्यात कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या बसवाव्यात, ज्या स्वयंपाकघराचा ओटा तोडला की कुठल्याही इमारतीच्या खाली पडलेल्या असतात. कडप्पा जमिनीच्या वर तीन-चार सेंमी ठेवावा आणि पहिली फळी त्याच्या माथ्यावर टेकवावी. माती खालून वाहून जात नाही आणि लाकूड जमिनीला लागत नाही. दोन फळ्यांमध्ये ६ ते ८ मिमी फट ठेवावी. प्रत्येक खांबाशी प्रत्येक फळीला दोन स्क्रू द्यावेत, ते १०० मिमी लांबीचे आणि स्टेनलेस स्टीलचे असावेत. समुद्राच्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि सागाशी संयोग होऊन काळे ओघळ सोडतो. जुना साग दगडासारखा टणक असल्यामुळे आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर फळी तडकते.

आता त्या भागाकडे येऊ, जिथे माझी पहिली भिंत फसली. तिच्या मागे मी खडी न घालता खोदलेलीच चिकट माती परत भरली होती आणि पाण्यासाठी पुढे तीन भोके ठेवली होती. ती भोके जुलैतच मातीने बुजली.

फळ्यांच्या मागे २० सेंमी रुंदीचा खडीचा उभा थर हवा, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड हवे. ते पाणी जाऊ देते आणि मातीचे कण अडवते. गोणपाट त्याच्या जागी चालत नाही, कारण ते एका पावसात कुजते आणि वाळवीला बोलावणे धाडते. प्लास्टिकचा कागद तर मुळीच लावू नये. कापड आधी चराच्या तळावर पसरावे आणि उतारावर चढवून ठेवावे. त्यावर पाच सेंमी खडी, खडीवर ७५ मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप ठेवावा. पाइपला खालच्या बाजूने दोन ओळींत ८ मिमीची भोके पाडलेली असावीत आणि पाच मीटरमध्ये त्याला किमान ५ सेंमी उतार असावा. पाइपचे तोंड सोसायटीच्या पर्जन्यजलाच्या गटाराकडे न्यावे, शेजाऱ्याच्या हद्दीत कधीही सोडू नये, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून त्यावर स्टीलची जाळी बसवावी. मग पाइपवर खडी भरत वर यावे.

खडी आणि मातीचा भराव बरोबरीने चढवावा. माती १५ सेंमीच्या थरांनी टाकावी, किंचित ओलसर असताना धुम्मसने ठोकावी, आणि भिंतीजवळच्या हातभर पट्टीत यंत्र न लावता हातानेच ठोकावे. माथ्याशी कापड खडीवर दुमडून घ्यावे, त्यावर १० ते १५ सेंमी बागेची माती पसरावी आणि तिला भिंतीपासून दूर, बाजूच्या गटाराकडे हलका उतार द्यावा. वरून वाहत येणारे पाणी वाफ्यात शिरण्याआधीच अडवणारी एक उथळ चारी वाफ्याच्या डोंगराकडच्या कडेला काढली, तर भिंतीचे निम्मे काम तीच करते.

वाफ्यात वाळा लावावा; त्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वड-पिंपळाची रोपे खडीत आपोआप उगवतात, ती बोटभर असतानाच उपटावीत.

मेच्या शेवटी एक बादली पाणी वरून ओतून पाइपचे तोंड मोकळे आहे ना ते पाहावे, आणि पावसाळ्यात झोडपणारी सर येऊन गेल्यावर पाइपमधून धार लागली आहे का तेही एकदा पाहून यावे. पाऊस पडला आणि पाइप कोरडा असेल, तर पाणी मागे अडले आहे असे समजून वरची खडी त्याच दिवशी उकरावी. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक खांबाला जमिनीच्या पातळीवर पेचकस टोचावा. साग उन्हापावसात रुपेरी करडा होतो, त्याची काळजी नसावी. पेचकस बोटाच्या पेराइतका आत गेला तर मात्र तो खांब पुढच्या पावसाळ्याआधी बदलावा. फळी बदलायची असेल तर तिच्यामागची खडी घमेल्याने उपसावी, स्क्रू मागच्या बाजूने सोडवावेत, नवी फळी त्याच जागी बसवावी आणि तीच खडी धुऊन परत भरावी.